भेव नावाचा रकाना

सकाळी सात ते साडेसात आमच्या ऑफिसात कोणी बोलायचं नाही, असा नियम शालिनी मेश्राम यांनी घालून दिला होता. कारखाना माझा, पण नियम मीही पाळायचो. त्या वेळात बाई कानांना मोठे काळे हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेल्या असत. समोर मोबाइल, वही आणि बशी झाकलेला चहा. कोणी दार जोरात लोटलं तर डोळे न उघडता नुसता डावा हात वर करायच्या. आत येणारा माणूस तिथंच थबकायचा.

तुमसरला आमचा राइस मिलच्या यंत्रांचा लहानसा कारखाना होता. धान वर चढवणारे एलिव्हेटर आणि बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे पंप आम्ही बनवायचो. तुमसर-मोहाडी पट्ट्यातल्या वीसेक मिलांमध्ये ते चालत. प्रत्येक मिलचा ऑपरेटर सकाळी मोबाइल यंत्राजवळ धरून वीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करायचा, शेवटी स्वतःचे दोन शब्द बोलायचा आणि बाईंना पाठवायचा. डोळे मिटून बाई ते ऐकायच्या.

या मिलांमध्ये बाईंबद्दल एक गोष्ट अजून सांगितली जाते. एका ऑपरेटरनं विश्वासानं पाठवलेलं रेकॉर्डिंग त्यांनी मालकाला दिलं, त्या माणसाची नोकरी गेली, आणि पुढे बाईंनी हे स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, अशी ती गोष्ट. कबूल केलं हे खरं आहे. बाकीचं खोटं आहे. ते रेकॉर्डिंग मी दिलं होतं. आता माझं वय झालं, कारखाना पुतण्या पाहतो, आणि हे लिहायचं राहून जाईल याची मला भीती वाटते.

बाई आल्या तेव्हा टायपिस्ट म्हणून आल्या. आंबागडच्या. वडील एका मिलमध्ये बॉयलरवर आग घालायचे. एका हाताची कातडी कोपरापर्यंत भाजून गोळा झालेली होती म्हणे. त्या अपघाताआधी पंपाचा आवाज दोन दिवसांपासून बिघडलेला त्यांना कळत होता, पण मालक म्हणेल तूच बिघडवला, म्हणून ते गप्प राहिले. हे बाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही चलनाची फाइल शोधता शोधता. पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्या स्वतः फार भित्र्या होत्या. हे मी कमीपणानं लिहीत नाही. आमच्या ऑफिसात त्यांनी टेबल भिंतीपासून ओढून दाराकडं तोंड करून घेतलं होतं. स्कूटी नेहमी फाटकाकडं तोंड करून लावायच्या. कुठल्याही मिलमध्ये गेल्या की आधी बाहेर पडायच्या वाटा मोजायच्या. बॉयलरच्या खोलीत तर त्या कधीच शिरत नसत. उंबऱ्याच्या अलीकडं उभं राहून आतल्या माणसाशी बोलायच्या. आमचे जुने फिटर वामनराव त्यांना चिडवायचे, "बाई, तुम्ही पोळीबी दारात उभ्या राहून लाटता का?" बाई म्हणायच्या, "लाटतो ना. गॅस हाये घरी."

पण या भीतीचं त्यांनी जे केलं, ते आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं.

मोहाडीकडच्या एका मिलमधला एलिव्हेटर वारंवार अडकायचा. वामनराव तीनदा जाऊन आले. ऑपरेटर तिन्ही वेळा म्हणाला, सगळं ठीक आहे. चौथ्यांदा बाई सोबत गेल्या, बिलावर सही घ्यायला. त्यांनी ऑपरेटरला काय बिघडलं हे विचारलंच नाही. विचारलं, "दादा, या मशीनीत तुले भेव कायचा लागते?"

तो माणूस आधी हसला. मग म्हणाला, खालच्या तोंडात धान अडकलं की हात घालून काढावं लागते, अन् पट्टा चालू असते. बंद केला तर मालक ओरडते. म्हणून अडकलेलं तो तसंच राहू द्यायचा. एलिव्हेटर का अडकतो ते तेव्हा आम्हाला कळलं. आम्ही खालच्या तोंडाला एक झडपेची खिडकी बसवली, बाहेरूनच सळईनं मोकळं करता येईल अशी. पुढे आमच्या प्रत्येक एलिव्हेटरला ती खिडकी आली. लोक ती पाहून आमचं यंत्र घेऊ लागले. पण ती एका ऑपरेटरच्या भीतीतून निघाली होती, हे त्यांना कुठून माहीत असणार?

त्या दिवसापासून बाईंच्या वहीत एक रकाना आला. तारीख, मिल, आवाज आणि चौथा भेव. पुढे त्या कॉम्प्युटरवर तक्ता करायला शिकल्या, आवाजांच्या फाइली मिलवार लावायला शिकल्या, दोन आवाज एकाखाली एक ठेवून पडद्यावर त्यांच्या लहरी पाहायला शिकल्या. रकान्याचं नाव तेच राहिलं. सकाळचे आवाज ऐकून झाले की एकेकाला फोन. "राम राम" किंवा "जय भीम", जसा माणूस तसं, आणि मग लगेच, "आज भेव कायचा?"

आणि लोक सांगायचे. वरचं बेअरिंग तापते. नवा पट्टा घसरते. बॉयलरवर नवीन माणूस घातला, त्याले काही समजत नाही. जे मालकाला सांगायची सोय नव्हती, मिस्त्रीसमोर सांगायची लाज होती, ते बाईंच्या कानात पडायचं. बाईंनी प्रत्येकाला शब्द दिला होता की सांगणाऱ्याचं नाव पुढं जाणार नाही. मालकाला त्या एवढंच म्हणायच्या की आवाजावरून वाटते, बेअरिंग बदला. मालकांना वाटायचं बाईंचे कान दैवी आहेत. कान चांगलेच होते. पण निम्मं काम त्या शब्दानं व्हायचं.

वामनराव सुरुवातीला म्हणायचे, बाई गाणे ऐकून राहिल्या. एकदा बाईंनी त्यांना हेडफोन दिले आणि तुमसरच्याच एका मिलचा आवाज ऐकवला. वामनराव म्हणाले, चांगला तं आहे. बाई म्हणाल्या, पंपाचा चांगला आहे, माणसाचा नाही. शेवटी तो "ठीक हाये ताई" म्हणाला त्यात दम लागला होता. रोज तो बसून बोलायचा, आज पळत येऊन बोलला. गेल्यावर कळलं, गळणाऱ्या पाण्याखाली तो सकाळपासून बादल्या बदलत होता. वामनरावांनी पुन्हा कधी गाण्यांचं नाव काढलं नाही.

या सगळ्यामुळे आमच्या यंत्रांचं नाव झालं, आणि मला हाव सुटली. दुसरा शब्द मला सापडत नाही.

मी नागपूरहून एक सॉफ्टवेअर करून आणलं. मिलमालकानं आपला मोबाइल उघडला की त्याच्या मिलची सगळी माहिती पडद्यावर दिसेल, असं ते होतं. बाईंचा तक्ता मी त्यात घालायला लावला. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, हा 'भेव' शब्द कोणाला कळणार, हेडिंग नीट द्या. मी विचारही न करता म्हणालो, 'दोष' लिहा. आणि दोषाला जबाबदार कोण ते दिसायला हवं, म्हणून त्याच्या शेजारी ऑपरेटरच्या नावाचा रकाना आला. त्याच्या शेजारी, नोंद करणार: शालिनी मेश्राम.

बाईंनी ते पाहिलं तेव्हा पडद्यावरच्या 'दोष' या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "साहेब, भेव अन् दोष एक नाही. भेव तो सांगते. दोष आपण त्याच्यावर टाकतो." मी म्हणालो, नावात काय आहे, बाई. मालक लोकांना विश्वास वाटला पाहिजे. त्या म्हणाल्या, यंत्र आधी बिघडत नाही, आधी माणूस भेते, मंग यंत्र बिघडते. मी ऐकून घेतलं आणि सॉफ्टवेअर सुरू केलं.

त्याच आठवड्यात मोहाडीकडच्या एका मिलमालकाचा मला फोन आला. तो नवा प्लांट टाकणार होता आणि सगळी यंत्रं आमच्याकडून घ्यायच्या विचारात होता. त्याच्या पडद्यावर दिसत होतं: दोष, पट्टा जळाला, ऑपरेटर, डोमा. त्याला जाणून घ्यायचं होतं की पट्टा आपोआप जळाला की जाळला. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल तर पाठवा, म्हणाला. रेकॉर्डिंग होतं. डोमानं त्यात बाईंना सांगितलं होतं की मुलगी दवाखान्यात आहे, दोन दिवस झोप नाही, उभ्या उभ्या डोळा लागला आणि पट्टा घसरून जळाला. मी ते बाईंच्या कॉम्प्युटरवरून घेतलं आणि पाठवून दिलं. पाठवताना बोट जरा थांबलं होतं, हे मला नीट आठवतं.

मालकानं ते मिलच्या आवारात, हमालांसमोर, मोठ्या आवाजात वाजवलं. शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं: "ताई, कोणाले सांगू नको." डोमाला त्याच दुपारी काढून टाकलं.

बाईंनी मला विचारलं. मी म्हणालो, कुठून तरी गेलं असेल, सॉफ्टवेअर नवीन आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि कामाला लागल्या.

त्यानंतर मिला गप्प झाल्या. आवाज यायचे, पण मागचे दोन शब्द गेले. फोन केला तर "काही नाही ताई" म्हणून ठेवून द्यायचे. रकान्यात एकामागून एक 'निरंक' पडू लागलं. वीस मिला, वीस निरंक. मालक खूश होते. एकानं तर मला फोन करून अभिनंदन केलं की तुमच्या पडद्यामुळे दोषच संपले. बाई मात्र त्या दिवसांत वाळत चालल्या होत्या. ऑफिसात कुणाच्या हातून पाना पडला तरी खुर्चीतून उठायच्या. "इतकं चांगलं कधीच नसते," एवढंच म्हणायच्या. मलाही हळूहळू झोप लागेना, पण मी ते वयावर ढकललं.

अशाच एका सकाळी, सात ते साडेसातच्या मधे, बाईंनी स्वतःच मला हाक मारली. हेडफोन माझ्या कानांना लावले. तुमसर रोड स्टेशनच्या बाजूला, रुळाला लागून एक उसन्या, म्हणजे उकडलेल्या धानाच्या तांदळाची मिल होती. तिथं परसराम नावाचा माणूस बॉयलर सांभाळायचा. पंपाचा आवाज येत होता, एकसारखा, निरोगी. अकराव्या सेकंदाला लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू आली. मग बाईंनी कालचा आवाज लावला. अकरावा सेकंद, शिट्टी. परवाचा. शिट्टी. त्याच्या आदल्या दिवशीचा.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुमसर रोडले गाडी कधी टायमावर आली?"

मला हसू आलं आणि तिथंच विरलं. परसराम एकच जुना, चांगला आवाज रोज पाठवत होता. आजचा पंप कसा वाजतोय, तो वाजतोय तरी का, हे कुणालाच माहीत नव्हतं. पंप पाणी ओढेनासा झाला आणि खाली आग चालू राहिली, तर बॉयलरचं काय होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बाईंनी परसरामला फोन लावला. त्यानं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मी म्हणालो, मालकाला सांगतो. बाईंनी माझा मोबाइल हातानं दाबून धरला. मालक येऊन राहिला हे समजलं तर परसराम कमी झालेलं पाणी लपवायले एकदम पाणी सोडंल, म्हणाल्या. तापून लाल झालेल्या लोखंडावर थंड पाणी.

आम्ही माझ्या गाडीनं निघालो. रस्ता लांब नाही, पण त्या सकाळी तो संपत नव्हता. बाई खिडकीची काच खाली करून, ओढणी कानामागं सारून ऐकत होत्या. इतक्या लांबून काय ऐकू येणार? कदाचित स्फोटाचा आवाज ऐकायची त्यांची तयारी चालली असावी. माझी तर होती. मी गाडी चालवताना पूर्ण वेळ तो आवाज येईल म्हणून मान खांद्यांत ओढून बसलो होतो.

मिलच्या आवारात धान वाळत पडलं होतं, दोन बाया ते उलथवायला त्यातून पाय फिरवत होत्या. त्यांना बाईंनी जाता जाता सांगितलं, फाटकाबाहेर जा, विचारू नका. बॉयलरच्या खोलीच्या दारात मी पोहोचलो तेव्हा पंपातून खडखड आवाज येत होता, डब्यात खडे हलवावेत तसा. बॉयलरवर पाणी दाखवणारी काचेची नळी असते. ती रिकामी होती. परसराम घामानं भिजलेला, दुसऱ्या पंपाचं पाणी सोडणाऱ्या झडपेच्या चाकावर त्याचे दोन्ही हात. तो ते उघडण्याच्या बेतात होता.

मी दारातच उभा राहिलो. बाई आत गेल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी तो उंबरा ओलांडलेला मी पाहिला नव्हता. एक हात भिंतीला लावून त्या पुढं सरकल्या. आवाज मात्र रोजच्या फोनवरचाच होता.

"दादा, पाणी नको. आधी आग ओढ."

परसराम चाक सोडेना. म्हणाला, "तू मालकाले सांगशील."

"नाही सांगत."

"डोमाचं तं सांगतलं."

बाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. फार तर एक श्वासभर. तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. मला बॉयलरची भीती होती आणि परसरामचीही, आणि त्या क्षणी कोणती जास्त होती ते मी आजही सांगू शकत नाही.

बाई परत त्याच्याकडं वळल्या. "हो," त्या म्हणाल्या. "सांगतलं मी. चुकलं माझं. तुझं नाही सांगणार. आता आग ओढ."

मला वाटतं, नाही म्हटलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला नसता, आणि वाद घालायला वेळ नव्हता. चूक कबूल करणाऱ्या माणसाचं त्यानं ऐकलं. त्यानं चाक सोडलं. लांब सळईनं त्यानं भट्टीतला पेटता भुसा बाहेर ओढला, बाईंनी भट्टीत भुसा पडायची वाट बंद केली, आणि ते दोघं पळत बाहेर आले. आम्ही सगळे फाटकाबाहेर उभे राहिलो. आत लोखंड थंड होताना कटकट वाजत होतं. प्रत्येक आवाजाला बाई डोळे मिटायच्या. कुणीतरी पाणी आणलं, ते कुणी प्यायलं नाही.

काहीच फुटलं नाही. नंतर बॉयलर उघडला तेव्हा आतल्या नळ्या मेणासारख्या वाकलेल्या होत्या.

परतताना गाडीत मी म्हणालो की मी सगळ्यांना खरं सांगतो. बाई बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "हे माझ्यावर गेलं तं मी गेली की संपते, साहेब. तुमच्यावर गेलं तं कारखान्याले कोणीच काही सांगणार नाही. मंग आवाज कोणाचा ऐकान?" मी हे मान्य केलं. ते किती सोयीचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

परसरामनं ऐकलेलं सगळ्या मिलांत पोचलं, आणि महिन्याभरात त्या सोडून गेल्या. जाण्याआधी माझ्याकडून तीन गोष्टी करून घेतल्या: रकान्याचं नाव पुन्हा भेव, ऑपरेटरचं नाव त्यात नाही, आणि तो रकाना मालकाच्या पडद्यावर नाही. डोमाला कारखान्यात घ्या हेही सांगितलं. तो आला, पण कोणाच्या सांगण्यावरून हे त्याला मी सांगितलं नाही. त्यांच्या जागी आलेल्या मुलीला ऑपरेटर हळूहळू पुन्हा सांगू लागले. "ही त्या बाईसारखी नाही," असं म्हणत.

बाई मला त्यानंतर एकदाच दिसल्या, तुमसर रोडच्या फलाटावर. मी नागपूरला डोळे दाखवायला निघालो होतो, त्या गोंदियाकडं. केस पिकले होते. बाकाच्या टोकाला, जिन्याकडं तोंड करून बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. डोमाची मुलगी नर्सिंगला आहे, परसराम अजून बॉयलरवर आहे, असं मी सांगितलं. त्या खुशीनं ऐकत होत्या. बॉयलरच्या दारात जे बोललो नाही ते आता बोलावं, असं मला दोनतीनदा वाटलं.

तेवढ्यात लांबून शिट्टी झाली. बाईंनी सवयीनं मान तिकडं वळवली, मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "साहेब, आज भेव कायचा?"

सगळं सांगायला त्यांनी मला एवढी मोकळी जागा करून दिली होती. आणि मी म्हणालो, "निरंक."

"बरं," त्या म्हणाल्या. पिशवी उचलली आणि गाडीत चढल्या. आत जागा होती तरी दारातच उभ्या राहिल्या, दांडा धरून, तोंड बाहेर. गाडी हलली तेव्हा त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या, चाकांकडं कान देऊन ऐकत होत्या.